सव्वातीन मीटर: बेसा रस्त्यावरच्या एका अपघाताचा अभ्यास

जुलैचा तिसरा आठवडा, मंगळवार, दुपारचा पाऊण. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे शाळा सुरू होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. सकाळपासून भुरभुर पाऊस. नागपुरात मानेवाड्याकडून बेसाकडे जाणाऱ्या सिमेंट रोडवर आमच्या शाळेची पिवळी मिनी बस एका लेआउटच्या, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीच्या, तोंडाशी थांबली. तीन मुलं उतरली. दोघं डावीकडे आपापल्या गल्लीत गेली. तिसरी दुसरीतली, सात वर्षांची. तिचं घर रस्त्याच्या उजव्या बाजूला. ती बसच्या पुढून वळली आणि रस्ता ओलांडायला निघाली. त्याच क्षणी बसच्या उजव्या अंगानं एक मोपेड पुढे आली. मोपेडचं पुढचं चाक मुलीच्या उजव्या पायाला लागलं, मुलगी सिमेंटवर आडवी झाली आणि मोपेडही घसरली.

मुलीच्या नडगीचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. मोपेड चालवणाऱ्या ताईंचं कोपर सोलवटलं आणि त्यांच्या मागे बसलेल्या पहिलीतल्या मुलाच्या गुडघ्याला खरचटलं. समोरून त्या वेळी काही येत नव्हतं, म्हणून हा अभ्यास मला एवढ्यावर लिहिता येतो आहे.

मी त्या शाळेच्या परिवहन समितीत पालक प्रतिनिधी आहे. अपघातानंतर समितीनं जे काम केलं त्याचं टिपण ठेवण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. शाळेचं, बस पुरवणाऱ्याचं किंवा कोणाही माणसाचं नाव मी इथे देत नाही. नावं दिली की वाचणारा नावाकडे बघतो, जागेकडे बघत नाही.

पहिले दोन दिवस

ज्या ताईंची मोपेड होती त्या पळून गेल्या नाहीत. गाडी तिथेच टाकून, मुलीला उचलून, ऑटो थांबवून त्या मुलीच्या आजीसोबत दवाखान्यात गेल्या. स्वतःचा मुलगा त्यांनी बसमधल्या मावशींच्या ताब्यात दिला. हे मी मुद्दाम आधी लिहिते आहे, कारण संध्याकाळपर्यंत पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो फिरत होता आणि खाली बायकांच्या गाडी चालवण्याबद्दल वाटेल ते लिहिलेलं होतं. दुसरा गट बसवाल्या काकांवर तुटून पडला होता. तिसऱ्या गटाचं म्हणणं, आजी पलीकडे का उभी होती, अलीकडे यायला काय झालं होतं.

पोलिसांत नोंद झाली, मोपेडचा विमा चालू होता, पुढची प्रक्रिया त्या मार्गानं गेली. त्यात शिरत नाही. दोषी कोण हे ठरवणं त्यांचं काम आहे. आम्हाला उत्तर हवं होतं ते वेगळ्या प्रश्नाचं: उद्या याच जागी दुसरी गाडी आणि दुसरं मूल असेल तर काय होईल?

चौघांशी बोलले

चौघांशी मी वेगवेगळ्या दिवशी, त्यांच्या घरी जाऊन बोलले. समितीच्या खोलीत बोलावलं असतं तर प्रत्येक जण बचावाला उभा राहिला असता.

बसवाले काका चौदा वर्षं गाडी चालवतात. ते म्हणाले, "ताई, मी पोरीला हात केला, जा बेटा म्हणून. समोरून रस्ता मोकळा होता, मी पाहिलं होतं. मागून ती गाडी कधी आली, आरशात दिसलीच नाही नं." मी विचारलं, इंडिकेटर कोणता चालू होता? ते थोडं थांबले. "उजवा. निघायचंच होतं नं आता."

हा उजवा इंडिकेटर लक्षात ठेवा.

मोपेडवरच्या ताई दोनदा रडल्या, म्हणून मी तिसऱ्यांदा गेले. मुलाला शाळेतून घेऊन त्या घरी निघाल्या होत्या. वेग पस्तीस-चाळीस असावा असं त्यांचंच म्हणणं. "बस मला दिसली होती. स्कूल बस आहे हेही कळलं होतं. उजवा इंडिकेटर दिसला, मला वाटलं पुढे जा म्हणून राहिले आहेत." आपल्याकडे ट्रकवाले वर्षानुवर्षं मागच्याला वाट द्यायला उजवा इंडिकेटर लावतात आणि आपण सगळे तो तसाच वाचतो. काकांनी तो लावला निघण्यासाठी. ताईंनी तो वाचला 'जा' असा. दोघांपैकी कोणीही खोटं बोलत नव्हतं.

बसमधल्या मावशी डाव्या दाराशी होत्या. मुलांना हात धरून त्यांनीच उतरवलं. तेवढ्यात मागच्या सीटवरचं केजीचं एक बाळ रडायला लागलं म्हणून त्या परत आत वळल्या. महाराष्ट्राच्या नियमांत स्कूल बसमध्ये मदतनीस बंधनकारक आहे आणि आमच्या बसमध्ये ती होती. अग्निशामक होतं, प्रथमोपचार पेटी होती, खिडक्यांना आडवे गज होते, फिटनेसची तारीख पुढची होती. कागदावर सगळं बरोबर होतं. फक्त मदतनीस बसच्या डाव्या बाजूला होत्या आणि मूल उजव्या बाजूला.

आणि आजी. आजी पलीकडच्या कोपऱ्यावर छत्री घेऊन उभ्या होत्या, रोजच्यासारख्या. "मीच बोलावलं जी तिला. हात केला मी, ये म्हणून. ती मला पाहूनच पळाली." हे सांगताना त्यांनी उजवा हात पुन्हा तसाच वर केला आणि मग तो खाली घ्यायचा विसरल्या.

म्हणजे त्या मुलीला दोन हात बोलावत होते, एक बसमधून आणि एक पलीकडून. दोन्ही मायेचे. मधली मोपेड दोघांपैकी एकालाही दिसत नव्हती. मुलीच्या डोक्यावर रेनकोटची टोपी होती, गळ्याशी बटण लावलेली. रेनकोटची टोपी घालून एकदा मान वळवून पाहा. मान वळते, टोपी तिथेच राहते आणि डोळ्यांपुढे प्लास्टिक येतं. कानावर पावसाची टपटप असते ती वेगळीच.

जागा

आमच्या भागातले सिमेंट रोड जुन्या जमिनीपेक्षा बरेच वर आहेत. कडेला कुठे गट्टू, म्हणजे सिमेंटचे पेव्हर ब्लॉक, बसवलेत, कुठे नुसता मुरूम. या स्टॉपपाशी मुरूम होता आणि पावसात त्याचा चिखल. सिमेंटच्या कडेवरून खाली वीतभर उतार. बस कधीच त्या उतारावर उतरत नाही, कारण भरलेली बस एका बाजूला कलते. काका ती सिमेंटवरच, कडेला लागून उभी करतात. मुलं दारातून उतरतात ती थेट चिखलात. बसपासून लांब जायचं तर चिखल तुडवत जावं लागतं. म्हणून मूल काय करतं? बसच्या अंगाला घासून, बंपरच्या कडेनं, कोरड्या सिमेंटवरून वळतं. आपणही तसंच केलं असतं.

त्या मुलीनं बसच्या पुढे जेमतेम एक मीटर अंतर ठेवलं होतं. त्या एका मीटरनं काय फरक पडला, ते पुढे येईल.

त्याआधी स्टॉपबद्दल. या रस्त्यावर आमच्या बसचे चार स्टॉप आहेत आणि अकरा मुलं. त्यांतली चार मुलं उजव्या बाजूला राहतात. बस बेसाकडे शेवटच्या मुलाला सोडते आणि याच रस्त्यानं रिकामी परत येते. म्हणजे उजवीकडच्या चार मुलांना परतीच्या वाटेवर, त्यांच्याच बाजूला, रस्ता न ओलांडता उतरवणं सहज शक्य होतं. डिझेलचा एक थेंब जास्त लागणार नव्हता. जूनमध्ये बस पुरवणाऱ्यानं ते ग्रुपवर विचारलंही होतं. चारही घरांनी नकार दिला, कारण मुलांना वीस मिनिटं जास्त बसमध्ये बसावं लागलं असतं. भूक लागते, झोप येते, शिकवणीला उशीर होतो. "जातानाच उतरवा" या मेसेजखाली चार अंगठे होते.

त्यांतला एक माझा. माझी मुलगी त्या चौघांतली आहे. तिचा स्टॉप पुढचा आहे, एवढाच फरक.

टेप, खडू आणि माझी मुलगी

रविवारी शाळेच्या मैदानात तीच बस आणली. आमच्या लेआउटमध्ये वाहतूक शाखेतून निवृत्त झालेले एक हवालदार राहतात, ते आले. एक मोपेड, मोजपट्टी, खडू, दोरी. माझी मुलगी जखमी मुलीएवढीच, एकशे अठरा सेंटिमीटर.

आधी काकांना त्यांच्या जागेवर बसवलं आणि मुलीला बंपरला चिकटून उभं केलं. काकांना तिच्या टोपीचं टोकसुद्धा दिसलं नाही. सीटवरून उठून पुढे वाकले तेव्हा दिसली. ती एक पाऊल पुढे गेली तेव्हा केस दिसले, आणखी एक पाऊल पुढे गेली तेव्हा चेहरा. चौदा वर्षं हीच गाडी चालवणारा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा खाली उतरून आपल्या बंपरसमोर उभा राहिला आणि वर आपल्याच सीटकडे पाहत राहिला.

मग खरा प्रश्न. मोपेड बसच्या अंगापासून एक मीटर अंतर ठेवून येते आहे. मूल बंपरच्या एक मीटर पुढून चालतं आहे आणि बसच्या उजव्या कोपऱ्याच्या जरा आत आहे, बाहेर पडायला एक पाऊल बाकी. चालवणाऱ्याला ते पहिल्यांदा कुठून दिसतं? आम्ही चालवणाऱ्याच्या डोळ्यापासून दोरी धरली, बसच्या कोपऱ्याला टेकवली आणि मुलीपर्यंत ताणली. मोपेड इंच इंच पुढे ढकलत गेलो. ज्या ठिकाणी दोरी कोपऱ्यापासून सुटली आणि मुलगी दिसली, तिथे खडूनं रेघ मारली. कोपऱ्यापासून ती रेघ सव्वातीन मीटरवर आली.

ताशी चाळीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. सव्वातीन मीटर संपायला एका सेकंदाचा तिसरा हिस्सासुद्धा लागत नाही. दिसलं, कळलं, बोटं ब्रेकवर गेली, यालाच सावध माणसाचा साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्याआधी अकरा मीटर गेले, आणि ओल्या सिमेंटवर गाडी थांबायला त्याच्याही पुढे पंधरा-सोळा मीटर हवेत. एकूण सव्वीसच्या आसपास. हातात होते सव्वातीन.

हवालदार काका खाली बसून रेघेकडे बघत होते. ते म्हणाले, "म्हणजे इथं कोणीही असता तरी हेच झालं असतं." ताईंच्या जागी सर्वांत हुशार, सर्वांत जागरूक चालक बसवा, तोही त्या वेगात थांबू शकला नसता. थांबायचं की नाही याचा निर्णय बसच्या मागच्या बंपरला पोचण्याच्या आधी घ्यायचा होता. त्यानंतर घ्यायला काही उरत नाही.

मग आम्ही एकेक गोष्ट बदलून पाहिली. मूल बंपरपासून एक मीटरऐवजी तीन मीटर पुढून गेलं तर? मोपेड तिथेच, एक मीटरवर. रेघ थेट दहा मीटरवर गेली. फक्त चार-पाच पावलं जास्त पुढे चालल्यानं तिप्पट अंतर मिळालं. आता मोपेडही बसपासून दोन मीटर लांब ठेवली. रेघ वीस मीटरच्या जवळ. मैदानावरच्या त्या तीन रेघा पाहून मला जे कळलं ते कुठल्याही सूचनाफलकानं कधी कळलं नव्हतं.

वेगाचाही हिशेब लावला. ताशी वीस किलोमीटरनं येणारी मोपेड ओल्या रस्त्यावर, एक सेकंद विचाराचा धरून, साडेनऊ-दहा मीटरमध्ये थांबते. म्हणजे मूल तीन मीटर पुढून चाललं आणि गाडी वीसच्या वेगानं आली, तर ती काठावर का होईना, थांबू शकते. मूल पळत असेल किंवा बंपरला चिकटून असेल, तर वीसही जास्त आहे. तेव्हा बसच्या मागे थांबणं एवढा एकच मार्ग उरतो.

नियमांत काय आहे

नोव्हेंबर 1997 मध्ये दिल्लीत वझिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली आणि 28 मुलं गेली. त्यानंतर लगेच सर्वोच्च न्यायालयानं स्कूल बसबद्दल निर्देश दिले. बसमध्ये पात्र मदतनीस, बंद होणारी दारं, अनुभवी चालक या गोष्टी तेव्हापासून ठळक झाल्या. महाराष्ट्रानं 2011 मध्ये स्कूल बससाठी स्वतंत्र नियम केले. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी, तिच्यात पालक, पोलीस आणि परिवहन विभागाचा माणूस असावा, हे त्याच नियमांतलं. आणि मुलांचे स्टॉप कुठे असावेत हे पाहणंसुद्धा या समितीचंच काम. आमच्या समितीनं ते काम एका मेसेजखालच्या अंगठ्यांवर सोडलं होतं.

हे सगळं बस आणि शाळेसाठी. बसच्या मागून आणि समोरून येणाऱ्या आपल्यासाठी काय? 2017 चे वाहन चालवण्याचे केंद्रीय विनियम सांगतात की पादचारी, सायकलवाले, मुलं, वृद्ध आणि दिव्यांग यांची चालकानं विशेष काळजी घ्यायची. पुढचा रस्ता स्पष्ट दिसत नसेल तर ओव्हरटेक करायचं नाही, हा तर लर्निंग लायसन्सच्या परीक्षेतला प्रश्न. थांबलेली बस ही पुढचा रस्ता झाकणारी भिंतच असते. पण रस्त्यावर आपल्याला ती भिंत वाटत नाही, अडथळा वाटते.

माझी बहीण टेक्सासमध्ये राहते. तिथे स्कूल बसनं लाल दिवे लावले आणि बाजूनं थांबण्याचा फलक बाहेर आला की मागून येणाऱ्यांना आणि मधे दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्यांनाही थांबावंच लागतं. ती गाडी चालवायला शिकली तेव्हा तिला सर्वांत आधी हेच पाठ करून घेतलं होतं. बसचा पिवळा रंगही तिकडचाच. 1939 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात झालेल्या एका परिषदेत तो ठरला, कारण पहाटेच्या अंधुक उजेडात त्यावरची काळी अक्षरं चांगली वाचता येतात. रंग आपण घेतला, तो रंग दिसल्यावर थांबायची सवय मात्र घेतली नाही. तसा फलक आमच्या बसमधून बाहेर येत नाही, त्यामुळे तो फलक चालवणाऱ्याला स्वतःच्या डोक्यात ठेवावा लागतो.

ताईंच्या मुलाबद्दल एक वाक्य लिहायलाच हवं. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. कायद्यानं चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट लागतं. आमच्या शाळेच्या गेटपाशी उभं राहिलं तर शंभरातल्या किती मुलांच्या डोक्यावर ते दिसतं, हे प्रत्येकानं आपल्या शाळेपाशी उभं राहून पाहावं.

मागून येणाऱ्यानं काय करायचं

समितीच्या टिपणातला हा भाग मी सर्वांत जास्त वेळा खोडून लिहिला, कारण "सावकाश चालवा" असं लिहून काहीच सांगितल्यासारखं होत नाही.

पिवळी बस कडेला घेताना दिसली की त्याच क्षणी वेग उतरवायला लागायचं. ती थांबेपर्यंत वाट पाहायची नाही. बसचा इंडिकेटर डावा असो, उजवा असो की दोन्ही लुकलुकत असोत, तो आपल्याला वाट देतो आहे असं समजायचं नाही. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर बस थांबलेली असेपर्यंत तिच्या मागेच थांबायचं. आमच्या बसनं मोजला तर एक स्टॉप पाऊण मिनिटाच्या आत उरकतो.

थांबताना मागच्याला कळवणं फार महत्त्वाचं आहे. ताई आता थांबतात आणि त्यांनीच मला सांगितलं की मागून हॉर्न वाजतात, आणि काही जण त्यांना आणि बसला, दोघांनाही ओलांडून जातात. म्हणजे आपण थांबलो तरी मुलीला धोका उरतोच. हवालदार काकांनी त्यावर जुना उपाय दिला. उजवा हात बाहेर काढायचा, तळवा जमिनीकडे, आणि हात सावकाश वर-खाली करायचा. लायसन्सच्या पुस्तकात हा इशारा आजही आहे, रस्त्यावर तो फारसा कोणी देत नाही. ताईंनी दिला तेव्हा मागचा ऑटो खरंच थांबला. बसच्या अगदी मागे न चिकटता, रस्त्याच्या मध्याकडे जरा सरकून थांबलं तर मागच्याला ओलांडायला जागाही कमी मिळते.

समोरून येणाऱ्यालाही हेच लागू आहे. तिकडच्या गाडीवाल्याला बसचं तोंड दिसतं, तिच्या मागचा भाग दिसत नाही. बसच्या मागून ओलांडणारं मूल त्याच्याच पुढ्यात येतं.

डावीकडून, बस आणि कडेच्या मधल्या फटीतून गाडी घालणं तर कधीच नको. तिथे बसचं दार असतं. आमच्या टिपणात गेल्या वर्षीचे असे दोन प्रसंग आहेत, दोन्ही वेळा मावशींनी मुलाला दप्तराला धरून आत ओढलं म्हणून निभावलं.

सकाळी चित्र उलटं असतं. उशीर झालेलं मूल बस सुटू नये म्हणून कुठल्याही गल्लीतून पळत येतं, त्याचे डोळे फक्त बसच्या दारावर असतात. आणि सात-आठ वर्षांच्या मुलाला समोरून येणाऱ्या गाडीचा वेग नीट जोखता येत नाही. गाडी लांब आहे एवढं त्याला कळतं, ती किती वेगानं येते आहे हे कळत नाही. रस्त्यावर मध्येच थबकलेलं मूल आपल्याला पाहून थांबलं आहे असं धरून पुढे निघू नये. ते परत वळूनही पळू शकतं. एक मूल गेलं की दुसरं मागे असतंच, बहुतेक वेळा त्याची पाण्याची बाटली पडलेली असते आणि ते ती उचलायला वाकलेलं असतं.

काय बदललं

ऑगस्टच्या बैठकीत सर्वांत जास्त वाद त्या वीस मिनिटांवर झाला. मैदानावरच्या रेघांचे फोटो दाखवल्यावरही एक पालक म्हणाले, "आमचा मुलगा पाचवीत आहे, त्याला कळते रस्ता ओलांडायचं." शेवटी उजवीकडच्या चारही घरांनी परतीच्या वाटेवर उतरवायला होकार दिला, पण पाचवीतल्या मुलाच्या वडिलांनी तो देताना ही सोय वर्षअखेरपर्यंतच असं नोंदवून घेतलं. बसमध्ये मुलांसाठी खाऊचा छोटा डबा घरून द्यायचा ठरलं. शिकवणीवाल्या बाईंनी वेळ अर्धा तास पुढे ढकलली, आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा सहज.

काकांनी हात करणं सोडलं. हे त्यांना सगळ्यात जड गेलं. "पोट्टे माझ्याकडे पाहतात नं, मी हात केला की जातात," असं ते म्हणत. मुलं त्यांच्या हाताकडे पाहून जातात, त्यामुळेच तो हात वर जाऊन चालणार नव्हतं. उजवा इंडिकेटर आता मावशींची शिट्टी वाजल्यावरच लागतो. मावशी आधी उतरतात, मुलं मागून. ज्या स्टॉपवर ओलांडणं टळत नाही तिथे मावशी बसच्या उजव्या कोपऱ्याच्या पुढे, मागून येणाऱ्यांना दिसेल अशा जागी लाल झेंडी घेऊन उभ्या राहतात आणि मुलं बंपरपासून मोठी सात पावलं मोजून मग वळतात. सात पावलं मोजायला मुलांना आवडतं. केजीची मुलं मोठ्यानं मोजतात आणि पाचानंतर थेट सातावर जातात.

रेनकोटला टोपीऐवजी छत्री असा प्रस्ताव आला होता, तो मागे पडला. छत्रीनं मुलाचा एक हात अडकतो आणि वाऱ्यात ती डोळ्यांवर येते. त्याऐवजी बसमधून उतरताना टोपी मागे टाकायची, घरी पोचेपर्यंत केस ओले झाले तर झाले, असं ठरलं. आया आधी नाराज होत्या.

स्पीड ब्रेकरची मागणी झाली. आमच्या भागात लोक उरलेल्या काँक्रीटचे ब्रेकर रातोरात स्वतःच घालतात, अरुंद आणि उंच, आणि पावसात दुचाकीवाले त्यावरच पडतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला ब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि फक्त 10 सेंटिमीटर उंच असतो, ताशी पंचवीसच्या वेगानं त्यावरून अंग न हादरता जाता येतं. तसा ब्रेकर, त्याआधी पांढरे पट्टे आणि फलक, असा अर्ज संबंधित कार्यालयाकडे दिला आहे. अजून उत्तर नाही. तोवर आपल्या हातानं काही घालायचं नाही असं समितीनं लेखी ठरवलं. कडेला मुरमाऐवजी गट्टू मागितले आहेत, म्हणजे मुलांना बसपासून लांब चालायला कोरडी जागा मिळेल. मला ब्रेकरपेक्षा हे गट्टू जास्त महत्त्वाचे वाटतात.

मुलीचं प्लास्टर सप्टेंबरमध्ये निघालं. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती बसनं यायला लागली. आता ती तिच्याच बाजूला उतरते, वीस मिनिटं उशिरा, माझ्या मुलीसोबत. आजी कोपऱ्यावर थांबत नाहीत, थेट बसच्या दाराशी येतात. मोपेडवाल्या ताई पहिल्या दिवशी तिथे आल्या होत्या, आजींनी त्यांच्या मुलाच्या हातावर चिवड्याची पुडी ठेवली.

एक काम राहिलं आहे. आमच्या शाळेची बरीच मुलं बसनं येत नाहीत, ऑटोनं येतात. ऑटो उजवीकडूनही उघडा असतो, आणि मुलं घाईत त्या बाजूनं, थेट रस्त्यावर उतरतात. आमच्या टिपणांत ऑटोबद्दल आजवर एक ओळही नव्हती. पुढच्या शनिवारच्या बैठकीला पाच ऑटोवाल्या भाऊंना बोलावलं आहे. दोघांनी येतो म्हटलं आहे, तिघांची त्या वेळी दुसऱ्या शाळेची फेरी असते. त्यांच्यासाठी बैठक अकराऐवजी सकाळी साडेआठला घ्यायचं ठरतं आहे, आणि हवालदार काका दोरी आणि खडू घेऊन येणार आहेत.